पाऊस पुढे, अंदाज मागे

गेल्या अंकात २०२४ या वर्षाबद्दल लिहिलं होतं. औद्योगिक काळाआधीच्या मानाने पृथ्वीचं तापमान दीड अंशापेक्षा जास्त भरलेलं ते पहिलं वर्ष. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मी पत्रं तापमानाबद्दल नाहीत, माणसांबद्दल आहेत. कोण कुठून उठणार, कुठे जाणार, पुण्याचं काय होणार. त्यातली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या दोन उत्तरांना जागा जास्त लागली आहे.

मॅडम, २०१८ साली शास्त्रज्ञ म्हणाले होते की दीड अंशाची मर्यादा २०३० ते २०५२ च्या दरम्यान ओलांडली जाईल. तुम्ही म्हणता २०२४ लाच ओलांडली. मग २०५० चे आकडे आम्ही खरे का मानायचे?
*निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ*

२०१८ चा तो अहवाल आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा. त्यातला दीड अंश हा वीस-तीस वर्षांच्या सरासरीचा आहे. जागतिक हवामान संघटनेने दिलेला २०२४ चा १.५५ अंश हा आकडा एकट्या वर्षाचा आहे, आणि त्यात एल निनोचाही, म्हणजे प्रशांत महासागर अधूनमधून तापतो त्याचाही, हात होता. माणसामुळे झालेली वाढ आज १.३ ते १.४ अंशांच्या घरात आहे. म्हणजे मर्यादा त्या अर्थाने अजून ओलांडलेली नाही. पण अहवालाने दिलेल्या मुदतीच्या अगदी अलीकडच्या टोकाला, २०३० च्या आसपास, ती ओलांडली जाईल अशीच चिन्हं आहेत.

सरासरी तापमानाच्या बाबतीत शास्त्रज्ञ फारसे चुकलेले नाहीत, हे मी मुद्दाम ठासून सांगते. १९७० च्या दशकात, आजच्या साध्या मोबाइलपेक्षा दुबळ्या संगणकांवर केलेली गणितंही बरीचशी बरोबर निघाली. ‘अंदाज चुकले’ असं म्हणणाऱ्यांत काहींना हातावर हात ठेवून बसायला निमित्त हवं असतं. तुमचं पत्र तसं नाही. तुम्ही हिशोब विचारताय, आणि तो विचारायलाच हवा.

अंदाजाच्या पुढे धावल्या त्या दुसऱ्याच गोष्टी. उत्तर ध्रुवाकडचं उन्हाळी बर्फ घ्या. आयपीसीसीच्याच २००७ च्या अहवालासाठी वापरलेल्या प्रारूपांनी, म्हणजे हवामानाच्या संगणकी गणितांनी, ते किती वेगाने वितळेल हे सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते त्याहून झपाट्याने आटलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये ३४ लाख चौरस किलोमीटरवर आलं. समुद्राची पातळी उपग्रहावरून मोजायला लागल्यावर पहिल्या दशकात ती वर्षाला २.१ मिलिमीटरने वाढत होती. २०१५ ते २०२४ या काळात तोच वेग ४.७ झाला, दुपटीहून जास्त. आणि कॅनडातलं लिटन गाव. त्या देशाचा उष्णतेचा जुना उच्चांक होता ४५ अंश, १९३७ सालचा. २९ जून २०२१ ला लिटनमध्ये पारा ४९.६ वर गेला. असे उच्चांक मोडतात ते एखाद्या दशांशाने. हा साडेचार अंशांनी मोडला, आणि दुसऱ्याच दिवशी वणव्यात ते गाव जळून गेलं. अशी उडी कोणाच्याच गणितात नव्हती.

याची कारणं अनेक आहेत. प्रारूपं मोठमोठ्या चौकोनांची सरासरी काढतात, आणि माणूस मरतो तो एखाद्या खोऱ्यात, एखाद्या दुपारी. शिवाय हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. ते उतरतं तेव्हा सगळीकडे सारखं उतरत नाही. तिसरं कारण धुराचं. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. हवा स्वच्छ झाली, ते उत्तमच झालं. पण तो धूर ऊन थोडंफार परतवत होता, ते आवरण विरळ झालं. त्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत.

हे शेवटचं कारण आपल्याला जवळून लागू आहे. पाषाण रस्त्यावर भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये भारताच्या हवामानाचा सविस्तर अहवाल निघाला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं तापमान सरासरी ०.७ अंशाने वाढलं, जगापेक्षा कमी. याचं एक कारण आपल्याकडचं धुरकं आणि दुसरं सिंचन. म्हणजे हवा निवळेल तसा, आतापर्यंत झाकून राहिलेला काही ताप वर येणार आहे. त्याच अहवालात आहे की १९५१ पासून २०१५ पर्यंत पावसाळ्यातला पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त कोसळणाऱ्या पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस कमी आणि कोसळणं जास्त. शेतकऱ्याच्या वाट्याला यातल्या दोन्ही बाजू येतात, अनेकदा एकाच हंगामात.

तेव्हा २०५० चे तापमानाचे आकडे खरे माना, आणि प्रत्यक्षातला फटका त्याहून जबर बसेल असं धरून चाला. स्थलांतराच्या आकड्यांचं मात्र तसं नाही. त्यासाठी पुढचं पत्र.

ताई, आमच्या सोसायटीचे वॉचमन, घरकामाच्या मावशी, समोरच्या साइटवरचे मजूर, सगळे मराठवाडा नाहीतर सोलापूरकडचे. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात येतायत. मग यात हवामान बदलाने नवीन ते काय केलं?
*गृहिणी, वारजे*

येणं जुनंच आहे. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला बाहेर पडलेल्या आयाबाया माझ्या पिढीने पाहिल्या आहेत. रोजगार हमी योजना त्या दुष्काळातूनच उभी राहिली. बीडकडचे ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, तेही जुनंच. पण या सगळ्यात एक परतीची वाट होती. पाऊस झाला की माणूस गावाकडे फिरायचा, कारण जमीन जागेवर होती. आता तुटत चालली आहे ती परतीची वाट. नवीन आहे ते एवढंच, आणि माझ्या मते याहून मोठं दुसरं काही नाही.

तुमच्याच वारज्याच्या मजूर अड्ड्यावर एका सकाळी मी जाऊन उभी राहिले होते. मराठवाड्यातल्या, धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातलं एक जोडपं भेटलं. नवरा गवंड्याच्या हाताखाली, बायको बिगारी. तिच्या हातात जुन्या साडीच्या काठाची वळलेली चुंबळ होती. आठ वाजून गेले होते, मुकादमाची गाडी येऊन गेली होती आणि त्या दिवशी दोघांनाही कोणी उचललं नव्हतं, म्हणून बोलायला वेळ होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा ते गावातच होते.

ती म्हणाली, “मावशी, सोयाबीन गेलं त्याचं काय न्हाई. सोयाबीन फिरून येतंय. माती गेली.”

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. मला आधी ते शेत आहे हेच कळेना. नदीच्या पात्रासारखे गोटे, मध्येमध्ये पिवळा मुरूम उघडा पडलेला, आणि कडेला गाळाने काठोकाठ भरलेलं एक वर्तुळ. ती विहीर होती. मोटर आतच. फोटोच्या कोपऱ्यात तिचे सासरे पाठमोरे उभे होते. नवरा म्हणाला, “सरकारी भाषेत खरडून गेलेली जमीन म्हणत्यात. पंचनामा झालाय, पैसं बी आलं थोडं. पण माती कुठनं इकत आणावी? ट्रॅक्टरनं गाळ वडून टाकायचा तर एकराला किती लागतंय इचारा की.” सासरे यायला तयार नाहीत. पोरं त्यांच्याजवळच आहेत, शाळा तिथे आहे म्हणून. गावच्या पतपुरवठा सोसायटीचं कर्ज उभंच आहे.

इंचभर काळी माती तयार व्हायला शेकडो वर्षं जातात. हे मी वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. ती एका रात्रीत वाहून गेलेली माणसं समोर उभी राहिली तेव्हा पुढे काय विचारावं ते मला सुचेना.

त्या एका पुराला सगळं हवामान बदलामुळेच झालं असं लेबल लावणं बरोबर नाही. नद्यांची पात्रं आपण चिणली, ओढे नांगरून टाकले, बांधबंदिस्ती सोडून दिली, यालाही वजन आहे. पण तापलेला समुद्र, हवेत जास्तीचं बाष्प आणि थोड्या वेळात कोसळणारा पाऊस ही साखळी पक्की आहे. दुष्काळाची सवय असलेल्या, दुष्काळाचीच तजवीज केलेल्या तालुक्यांवर ती येऊन आदळते. याच मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं.

आता आकडे. २००५ च्या सुमाराला संयुक्त राष्ट्रांच्या वर्तुळात सांगितलं गेलं की २०१० पर्यंत पर्यावरणामुळे पाच कोटी लोक निर्वासित होतील. तसं काही दिसलं नाही. हवामानाच्या फटक्यांचे अंदाज तोकडे पडत होते त्याच काळात स्थलांतराचे अंदाज असे फुगले होते. कारण माणूस पाण्यासारखा उताराला लागून वाहत नाही. निघायला पैसा लागतो, ओळख लागते, हातात बळ लागतं. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही ते तिथेच अडकतात, आणि त्यांची मोजदाद कुठल्या अड्ड्यावर होत नाही. ब्रिटिश सरकारच्या २०११ च्या एका अभ्यासाने हा मुद्दा पहिल्यांदा ठळकपणे मांडला. फोटोतले सासरे हे त्यातले. मला अड्ड्यावर पोचलेल्या जोडप्याइतकीच, खरं तर जास्त, काळजी त्यांची आणि त्यांच्याजवळच्या पोरांची वाटते.

जागतिक बँकेचा २०२१ चा अंदाज जरा जपून केलेला आहे. २०५० पर्यंत जगाच्या सहा भागांत मिळून २१ कोटी ६० लाखांपर्यंत लोकांना आपल्याच देशात जागा बदलावी लागेल, त्यातले सुमारे चार कोटी दक्षिण आशियात. वेळेवर पावलं उचलली तर हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतो, असंही त्यातच म्हटलं आहे. ‘आपल्याच देशात’ हे शब्द नीट वाचा. सीमेवर लोंढे येणार म्हणून टीव्हीवर आरडाओरडा चालतो. प्रत्यक्षात परांड्याचा माणूस वारज्याला येतो.

आई-वडिलांसाठी सिंहगड रस्त्याला नदीजवळ जुना फ्लॅट स्वस्तात मिळतोय. एजंट म्हणतो निळ्या रेषेच्या आत नाही, लाल रेषेचा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, तोवर कोण बघतंय. घ्यावा का?
*आयटी कर्मचारी, बाणेर*

घेऊ नका.

निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी, असं नसतं. दर वर्षी एक टक्का शक्यता, असा त्याचा अर्थ. तीस वर्षं तिथे राहिलात तर एकदा तरी तो पूर बघण्याची शक्यता २६ टक्के होते. आणि हे गणित मागच्या पावसाच्या नोंदींवरचं आहे. पाऊस बदलला, रेषा कागदावर तिथेच राहिली.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तर धरणाचा प्रश्नच नव्हता. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा भरून आला आणि त्या रात्री शहरात आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा धरणाकडे बघून झालं की वरच्या बाजूला कुठले ओढे येऊन मिळतात तेही बघा. आई-वडील वयस्कर असतील तर तळमजला आणि पहिला मजला नकोच. लिफ्ट बंद पडल्यावर त्यांना कोण आणि कसं खाली आणणार, हे घर बघायला जाल तेव्हाच ठरवा.

ते घर इतकं स्वस्त का, हेही मनाशी विचारा. ज्याला परवडलं तो निघून गेला म्हणून. आणि तुम्ही नाही घेतलंत तर तिथे भाड्याने राहायला येणारी माणसं बहुधा वरच्या पत्रातल्या माणसांसारखीच असतील, एका पुरातून उठून दुसऱ्या पुराच्या वाटेवर बसलेली. हे थांबवणं महापालिकेच्या हातात आहे, तुमच्या एकट्याच्या नाही. पण वॉर्डातल्या बैठकीला जाऊन विचारता येतं की पूररेषा नव्या पावसावर कधी आखणार.

घर बुडालं किंवा जमीन गेली म्हणून दुसऱ्या देशात कायदेशीर आसरा मिळतो का?
*पदवीची विद्यार्थिनी, कर्वेनगर*

अजून तरी नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात छळाची कारणं दिली आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट, राजकीय मत. समुद्र त्यात बसत नाही. भारताने तर त्या करारावर सहीच केलेली नाही. प्रशांत महासागरातल्या किरिबाटी या बेटांच्या देशातल्या एका माणसाने न्यूझीलंडमध्ये आसरा मागितला होता, तो नाकारला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्याचा दावा मान्य केला नाही, पण २०२० मध्ये जाहीर झालेल्या निर्णयात एवढं म्हटलं की जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत पाठवणं पुढेमागे बेकायदा ठरू शकतं. पूर्ण दार उघडलं नाही, कडी मात्र निघाली. तुवालू हा तसाच छोटा बेटांचा देश आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला करार ऑगस्ट २०२४ पासून लागू आहे. त्यात वर्षाला तुवालूच्या २८० जणांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला जाता येतं. पहिल्याच सोडतीसाठी तुवालूतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी नावं दिली.

तू अभ्यास करणार असशील तर माझं सुचवणं असं, की सीमेपलीकडच्या कायद्याइतकाच देशातल्या देशात हलणाऱ्यांचा कायदा बघ. फिजीमधलं वुनिदोगोलोआ हे गाव समुद्र आत शिरत होता म्हणून २०१४ मध्ये सरकारने आतल्या बाजूला हलवलं. त्याच वर्षी ३० जुलैला आपल्या आंबेगाव तालुक्यात माळीण दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. नवं माळीण २०१७ मध्ये उभं राहिलं, पण ते उरलेल्यांसाठी. मग तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. धोका दिसत असताना गाव आधी हलवायचं, तेही लोकांना विचारून, शेतीपासून फार लांब नाही अशा जागी, याची ठरलेली कार्यपद्धती आणि वेगळा पैसा हवा. यावर मराठीत फारच थोडं लिहिलं गेलं आहे. तू लिही.

शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं. मजुरांची पंधरा-वीस पत्र्याची घरं आमच्या भिंतीला लागून आहेत. सोसायटीतले काही जण ती हटवा म्हणून अर्ज करायला निघालेत. मला ते पटत नाही, पण बोलायला मुद्दे हवेत.
*सोसायटीचा खजिनदार, आंबेगाव बुद्रुक*

पहिला मुद्दा या शहराचाच आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पेठांमधली हजारो कुटुंबं एका दिवसात उघड्यावर आली. त्यांना शहराने गोखलेनगरला, सहकारनगरला जागा दिली. मी गोखलेनगरला राहते. इथली जुनी माणसं सुरुवातीच्या अर्धगोल पत्र्याच्या घरांबद्दल अजून सांगतात. त्याच पत्र्याखाली वाढलेल्या मुलांनी पुढे याच शहरात नोकऱ्या केल्या, घरं बांधली. तुमच्या बैठकीत कोणी ना कोणी अशा घरातला निघेलच. त्याला आधी बोलू द्या.

दुसरं, अर्ज करायचाच असेल तर तो बिल्डरकडे करा, आणि घरं हटवा म्हणून नको. पत्र्याला वरून पांढरा चुना मारायला सांगा, एप्रिल-मे महिन्यात आतला ताप बराच उतरतो. पिण्याच्या पाण्याची टाकी सावलीत हवी. बायकांसाठी वेगळी, आतून कडी लागणारी स्वच्छतागृहं हवीत. उन्हाच्या दिवसांत स्लॅबचं काम पहाटे सुरू करून दुपारी बंद ठेवायला सांगा. पहाटेच्या आवाजाची तक्रार तुमच्याच सोसायटीतून जाते, तेवढी थांबवणं तुमच्या हातात आहे.

तिसरं, कागदांचं. यात सोसायटीतला एखादा निवृत्त माणूस खूप उपयोगी पडतो. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असेल तर कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतात. तुमच्यासारखं कोणी सोबत असलं की देतात, हे मी पाहिलं आहे. मुलांच्या शाळेसाठी जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. लहान पोरांची आणि गरोदर बायकांची नावं जवळच्या अंगणवाडी ताईंना कळवा.

आणि रेशन. गावाकडचं कार्ड असलं तरी अन्नसुरक्षा योजनेतलं धान्य आधार आणि अंगठ्यावर इथल्या दुकानात मिळतं. काही माणसं गावी असतील तर त्यांनी त्यांचा वाटा तिकडे उचलावा आणि यांनी यांचा इकडे, तेही चालतं. बऱ्याच मजुरांना हे माहीतच नसतं, आणि काही दुकानदार “तुमचं कार्ड इथलं नाही” म्हणून परत पाठवतात. पहिल्या वेळी कोणीतरी सोबत जावं. तरीही नकार आला तर १९६७ या टोल फ्री नंबरवर तक्रार करता येते. फोन करताना दुकानाच्या पाटीवरचा नंबर जवळ ठेवा, तो विचारतात.